पुलाच्या पोटावरचे डाग

१

ईटजवळचा ओढ्यावरचा दोन गाळ्यांचा पूल पडला तेव्हा त्याला पुरतं वर्षसुद्धा झालं नव्हतं. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर दुसऱ्या गाळ्यावर, मधल्या खांबापलीकडच्या स्लॅबवर, चढला आणि गाळा मधोमध मोडून खाली गेला. ट्रॅक्टर चालवणारा वैजनाथ त्याखाली सापडला. सव्वीस वर्षांचा पोरगा, लग्नाला दोन वर्षं झालेली.

चौथ्या दिवशी गुन्हेगारही सापडला. बलभीम मिस्त्री, राहणार अणदूर, धंदा पुलाच्या सळया बांधण्याचा. मिस्त्रीने सळया खाली आवळून बांधल्या नाहीत म्हणून पूल पडला, असं प्राथमिक अहवालात लिहिलं होतं. पोलिसांनी त्याला चालू कामावरून उचललं.

पेपरात हे वाचलं आणि माझं डोकं सणकलं. एखादा पूल का पडला हे कळायला महिना लागतो, आणि इथं चार दिवसांत मिस्त्री आत! मी श्रीमंत, नावाचाच. एकतीस वर्षं बांधकाम खात्याच्या प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे फोडून त्यांची ताकद मोजली आणि गेल्या वर्षी निवृत्त होऊन भूमला राहायला आलो. इतक्या वर्षांत किती पूल, किती बंधारे बघितले. बिघडलं की पहिली मान नेहमी सगळ्यात खालच्या माणसाची धरायची, ही आमच्या खात्याची जुनी रीत. चोर सोडून संन्याशाला फाशी.

त्याच दुपारी बलभीमची आई, धुरपदाबाई, तीन एसट्या बदलून माझ्या दारात आली. कपाळावर ताजी खोक होती. पाणीसुद्धा न घेता ओट्यावर बसली.

"भाऊ, माझ्या लेकानं बांधलेलं काम तुमी किती वर्सं तपासलं?"

"पंधरा-सोळा वर्षं."

"कधी खोट निघाली?"

"कधीच नाही."

"मग तसं जाऊन सांगा की! घरात बसून पेपर काय वाचता?"

मी हातातला पेपर खाली ठेवला. ती पुढं म्हणाली, "सोमवारी मशीन येणार हाय, पुलाचा राडा उचलायला. एकदा त्यो उचलला की माझा पोरगा गेलाच समजा."

तो गुरुवार होता. मी पायात चपला घातल्या.

२

पूल समजायला एक गोष्ट सांगायला हवी. या ओढ्याला वरच्या अंगाने साखर कारखान्याच्या मळीचं आंबट पाणी येतं. जुना पूल त्यानेच खाल्ला होता. आतल्या लोखंडी सळया गंजून फुगल्या आणि काँक्रीटचे ढलपे पडू लागले. म्हणून नव्या पुलात लोखंड घालायचंच नाही असं ठरलं. त्याजागी काचेच्या तंतूंच्या सळया आल्या, हिरव्या रंगाच्या. पाण्यात ठेवा, मळीत ठेवा, त्यांना गंज नाही. कल्पना शंभर नंबरी होती आणि आजही आहे.

फक्त या सळयांची एक खोड आहे. त्या ओल्या काँक्रीटपेक्षा हलक्या असतात. व्हायब्रेटर लावला की लोण्यासारख्या वर येतात. पुलाच्या स्लॅबमध्ये सळई लागते तळाला, कारण ओझं आलं की ताण तळाला बसतो. सळई वर आली तर स्लॅब नुसता दगड. म्हणून त्या खालच्या सेंट्रिंगच्या फळीला आवळून बांधाव्या लागतात. फळीला भोकं पाडायची, त्यातून लोखंडी तार ओवायची आणि खालून पिळायची. फळी काढली की तारेची टोकं छाटून टाकायची.

मी वाकून पहिल्या गाळ्याखाली गेलो. गाळा ठेंगणा, हात लागेल एवढ्या उंचीवर. त्याच्या पोटावर तांबडे ठिपके होते, हरभऱ्याएवढे, दोन-दोन वितींवर, ओळीने. तारांची छाटलेली टोकं गंजली होती. सळया आत, तळाला, जिथल्या तिथं. म्हणून हा गाळा उभा होता.

दुसरा गाळा ओढ्यात उलथा पडलेला. मोडलेल्या कडेतून हिरव्या सळया दिसत होत्या, आणि त्या तळाला नव्हत्या. पार रस्त्याच्या अंगाला जाऊन बसल्या होत्या. पोटाकडचा भाग गुळगुळीत, एकही तांबडा ठिपका नाही. म्हणजे तार नव्हती. म्हणजे अहवाल खरा होता?

 मग हात फिरवताना बोटांना काहीतरी लागलं. गुळगुळीत काँक्रीटवर आगपेटीएवढे चौकोन उमटले होते. आजूबाजूपेक्षा जरा जास्त चकचकीत, आणि ओळीने. एकतीस वर्षांत असं काही मी पाहिलं नव्हतं.

"त्या मिस्त्र्याच्या बाजूनं आलाय जनू?"

काठावर एक तरुण बाई उभी होती. वैजनाथची बायको, निकिता. हातात नवऱ्याची टोपी.

"मी कुणाच्या बाजूनं आलो नाही, पोरी. का पडला ते बघायला आलोय."

"का पडला ते कळून त्ये माघारी येनार हायेत का?" ती ओरडली. "त्याची आई सकाळी माझ्या दारात आली व्हती. हात जोडाया. म्या दगूड मारून हाकलली तिला. पुन्यांदा आली तर पुन्यांदा मारीन!"

 तिचा राग चुकीच्या दारात पडत होता एवढंच मला वाटत होतं, आणि तेही मी सिद्ध करू शकत नव्हतो.

३

पोलिसांनी ठाण्यात पाच मिनिटं बोलू दिलं. बलभीम भिंतीला टेकून बसला होता. मला बघून उठला.

"काका, म्या बांदलं व्हतं. शपथ घेऊन सांगतो. दोन्ही गाळ्याला सारखंच. भोकं पाडली, तार ववली, पिळली. दुसऱ्या गाळ्याला तर आदल्या दिवशी दिवस मावळंपोतर आमी सातजण तेच करत व्हतो."

"मग काँक्रीट ओतलं तेव्हा?"

"तवा म्या नव्हतोच! आमचा देव निघायचा व्हता न्हवं. खंडोबा अणदूरहून नळदुर्गाला मुक्कामाला जातो त्या दिवशी अणदूरचा मानूस कुठंच कामावर नसतो. आमी साती जण अणदूरचे. रणधीर साहेबाला आठ दिवस आदी सांगितलं व्हतं, दोन दिवस थांबा म्हनून. माघारी आलो तर गाळा ओतून झालेला."

"हे तू सांगितलंस का कुणाला?"

"समद्यांना सांगितलं. म्हंत्यात, वहीत तुझी सही हाय. त्या दिवशी तू हजर व्हतास."

"सही केलीस?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला विचारल्याची लाज वाटली. "काका, एकाच दिवशी देवाचा खांदा पन धरू आन हितं सही पन करू? म्या काय मारुती हाय का उडत जायाला?"

४

संशय घ्यायला आता तिघं उरले. ठेकेदार भागवत, सेंट्रिंगवाला धुळाप्पा आणि शाखा अभियंता रणधीर.

भागवत दुसऱ्या एका कामावर भेटला. मला बघताच चिडला. "श्रीमंतराव, मला काय विचारता? मला तर काम उरकायची घाई होती. त्या दिवशी काँक्रीटची पहिली गाडी सकाळी आठला हजर होती. साहेबांनी परत पाठवली. दुपारी दोनला ओतायला सुरुवात! सगळा गडी सकाळपासून ताटकळत बसलेला."

"का परत पाठवली?"

"ते मोठ्या लोकांनाच विचारा. मला म्हणाले, तुम्ही ऑफिसात जाऊन बसा. मी बसलो."

रणधीर साहेबांनी मला चहा पाजला. वय पस्तीस, हुशार, बोलणं गोड. काचेच्या सळया जिल्ह्यात यांनीच आणल्या. मिस्त्र्यांना सळई कशी बांधायची ते स्वतः गुडघ्यावर बसून शिकवणारा हा माणूस. त्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर भला मोठा फोटो होता. पुलाचं पोट खालून टिपलेलं, आरशासारखं साफ. खाली लिहिलेलं, 'गंजमुक्त पूल'. खात्याच्या मेळाव्यात याच फोटोला पहिलं बक्षीस मिळालं होतं. माझ्या निवृत्तीचा तो महिना होता, आणि पहिल्या रांगेत बसून मीही टाळ्या वाजवल्या होत्या.

"तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे," रणधीर म्हणाले. "पण पुरावा बघा ना. पहिल्या गाळ्याला तारांचे डाग आहेत. दुसऱ्याला एक तरी आहे का? मिस्त्रीने कंटाळा केला. लोखंड बांधण्यात जन्म गेलेली माणसं ती. लोखंड कधी तरंगतं का? त्यांच्या डोक्यात ते शिरतच नाही."

त्यांनी वही पुढे सरकवली. काँक्रीट ओतल्याच्या तारखेपुढं सही होती, 'बलभीम'. स्वच्छ, वळणदार. ही बलभीमची नव्हे हे मला कळलं, पण माझ्या नुसत्या शब्दाला पुरावा नव्हता.

मी चहा अर्धा टाकून उठलो. त्या खोलीत काहीतरी डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसत नव्हतं. माझा मलाच संताप येत होता.

५

धुळाप्पाचं घर ईटच्या माळावर. सेंट्रिंगच्या कामातून वेळ मिळेल तेव्हा शेळ्या राखायचा. तो घरी नव्हता. त्याची म्हातारी आई गंगम्मा म्हणाली, "येतंय आत्ता. उनात नगा हुबं ऱ्हाऊ, शेळ्याच्या खोपटात बसा."

मी खोपटात बसलो. बाहेर टळटळीत ऊन होतं. आतल्या अंधारात, समोरच्या भिंतीवर, उजेडाचे ठिपके दिसू लागले. एक, दोन, दहा. दोन-दोन वितींवर, सरळ ओळीने.

मी ताडकन उठलो. खोपटाची भिंत सेंट्रिंगच्या जुन्या फळ्यांची होती. फळ्यांना भोकं पाडलेली होती. आणि बऱ्याच भोकांवर आतल्या बाजूने काहीतरी चिकटलेलं होतं, तिथं उजेड येत नव्हता. मी नखाने खरवडलं. खोकी बंद करायची तपकिरी चिकटपट्टी. आगपेटीएवढा तुकडा, त्यावर वाळलेलं सिमेंट.

"काय करताय वो?"

दारात धुळाप्पा उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"या फळ्या कुठल्या गाळ्याच्या, धुळाप्पा?"

"मला काय ठावं? फळ्या काय एक हाय का?"

"पहिल्या गाळ्याच्या भोकांना तार होती. यांना पट्टी आहे. पट्टी कुणी लावली?"

"म्या शेळ्या राखनारा मानूस हाय, साहेब." तो खाली बघत म्हणाला. "मला त्यांच्याच हाताखाली काम करायचंय. तुमी जावा."

"आणि बलभीम?"

तो रडायला लागला.  मी एक फळी उपसली, खांद्यावर घेतली आणि रस्त्याला लागलो. मागून गंगम्मा लेकाला कन्नडातून काहीतरी फाडफाड बोलत होती. एवढंच कळलं की ती शिव्या देत होती.

६

रविवारी धुरपदाबाई पुन्हा आली. पदरात एक कागद बांधलेला.

आमच्या भागातलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. अणदूरचा खंडोबा नळदुर्गाला जातो तेव्हा नुसता वाजत-गाजत जात नाही. देव दिला, देव घेतला, असं दोन गावांत लेखी होतं. पिढ्यान्पिढ्या चालत आलंय. बलभीमच्या घरी पालखीला खांदा द्यायचा मान. त्या दिवशीच्या कागदावर खांदेकऱ्यांच्या सह्या घेतात, आणि धुरपदाबाईने पुजाऱ्याच्या हातापाया पडून त्याची नक्कल आणली होती.

मी तारीख बघितली. वहीतलीच तारीख. खाली बलभीमची सही. वाकडीतिकडी, 'बलभिम' लिहिलेली, शेवटी रेघ ओढलेली. सोळा वर्षं कामावरचे ठोकळे तोच आणून द्यायचा आणि चिठ्ठ्यांवर हीच सही यायची. वहीतल्या वळणदार अक्षराशी तिचं काही नातं नव्हतं.

"भाऊ, आता सुटंल ना?"

"बलभीम तिथं नव्हता हे झालं, बाई. पण तारा कुणी काढल्या हे सांगितल्याशिवाय ते त्याला सोडायचे नाहीत."

बोलता बोलता मला रणधीरांच्या भिंतीवरचा फोटो आठवला. आणि त्या खोलीत मला काय दिसलं नव्हतं ते दिसलं.

७

सोमवारी मशीन येऊन उभं होतं. चौकशीला वरच्या कार्यालयातून आलेल्या मॅडम पुलाखाली उतरल्या. रणधीर होते, भागवत होता, पोलीस बलभीमला घेऊन आले होते. काठावर गाव जमलेलं. निकिताही होती.

मी मॅडमना म्हटलं, "मशीन लावायच्या आधी दहा मिनिटं द्या." बाई बऱ्या होत्या. त्यांनी दिली.

मी फळी मोडलेल्या गाळ्याच्या पोटाला लावली. फळीवरच्या पट्ट्या आणि काँक्रीटवरचे चकचकीत चौकोन, जागेला जागा जुळली. एकही चुकला नाही.

"भोकं आहेत, म्हणजे मिस्त्रीने बांधलं होतं. कंटाळा करणारा माणूस दोनशे भोकं पाडत बसत नाही. बलभीम देवाला गेला आणि मागे कुणीतरी तारा काढल्या, सिमेंट गळू नये म्हणून भोकांवर पट्ट्या चिकटवल्या. सकाळची गाडी परत गेली ती त्यासाठी. आठ ते दोन. आता मला सांगा, हे कोण करेल? ठेकेदार? त्याला काम उरकायचं होतं. झालेलं काम सोडायला तो गडी कशाला लावेल? सेंट्रिंगवाला? त्याच्या शब्दावर काँक्रीटची गाडी परत जाते का? मॅडम, यात कुणी काही चोरलं नाही, कुणी काही वाचवलं नाही. उलट सहा तास मेहनत केली. कशासाठी? तार नको होती म्हणून. आणि तार दोनच गोष्टी करते. सळई धरून ठेवते, आणि गंजून डाग सोडते."

मी पहिल्या गाळ्याच्या तांबड्या ठिपक्यांकडे बोट दाखवलं.

"हे डाग पहिल्या गाळ्याची फळी काढल्यावर महिन्याभरात दिसले. गंज न लागणाऱ्या पुलाच्या पोटावर गंज! पुलाला त्याने काही होत नाही, नुसतं दिसायला वाईट. पण ज्याला फोटो काढायचा होता, ज्याच्याकडे पाहुणे बघायला येणार होते, त्याला ते खुपले. साहेबांच्या भिंतीवरचा फोटो आठवा. एक ठिपका नाही. पूल एकच, गाळे दोन. मग तो फोटो कुठल्या गाळ्याचा?"

सगळे रणधीरांकडे बघत होते. त्यांनी रुमाल काढला.

"हे सगळे तर्क आहेत," ते म्हणाले. "चिकटपट्टी कोणीही..."

"तुमीच लावाया लावली!"

काठावरून धुळाप्पा खाली धावत आला. मागे गंगम्मा, काठी टेकत. "म्या म्हनलं व्हतं, सायेब, सळया वर येतील. तुमीच शिकिवलं व्हतं आमाला! तुमी म्हनलात, कडंनं बांदल्यात, तेवढं बास. माज्या हातानं तारा तोडल्या म्या. माज्या हातानं!"

मग मी देवाचा कागद मॅडमच्या हातात दिला. त्यांनी त्यावरची सही बघितली, वहीतली बघितली आणि वही मिटली.

"रणधीर, ही सही तुम्ही कधी केलीत? पूल पडल्यावर ना?"

 मिटलेल्या वहीकडे बघत ते पुटपुटले, "उसाचा हा पहिलाच हंगाम होता. पूल खुला झाला तेव्हा कारखाने बंद होते, उसाचं ओझं आलंच नव्हतं. मला वाटलं होतं, धरेल. सळया चांगल्या आहेत, मॅडम. दोन डागांवरून लोकांनी त्यांना नावं ठेवली असती."

हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सळया चांगल्याच होत्या! नायलॉनची दोरी ओवली असती तरी डाग पडला नसता. मिस्त्री परत येईपर्यंत दोन दिवस थांबावं लागलं असतं, इतकंच. चूक एकवेळ माणसाकडून होते. पण पूल पडल्यावर, खाली पोरगा मेलेला असताना, शांतपणे बसून दुसऱ्याच्या नावाची सही करायची आणि वर म्हणायचं, यांच्या डोक्यात शिरत नाही? आणि मी? फोटोत पुलाच्या पोटावर तारेची एकही खूण का दिसत नाही, एवढा प्रश्न पहिल्या रांगेत बसून मला पडला नाही. वैजनाथ तेव्हा जिवंत होता. मी टाळ्या वाजवत होतो.

पोलिसांनी बलभीमचा हात सोडला. तो आईकडे गेला नाही. पहिल्या गाळ्याखाली गेला, हात वर करून एका तांबड्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि तिथंच उभा राहिला.

निकिता काठावरून उतरली. वाट सोडून सगळे बाजूला झाले. ती धुरपदाबाईपाशी क्षणभर थांबली, तिच्या कपाळावरच्या दगडाच्या खोकेकडे बघितलं. मग रणधीरांच्या समोर जाऊन उभी राहिली. नवऱ्याची टोपी अजून हातातच होती.

"डाग दिसत व्हतं म्हनून?" तिने विचारलं.

ते खाली बघू लागले.

"पुलाखाली कोन बघाया जातंय, सायेब? आमी वरनं जातो."